‘ब्रेड’ : एका शब्दाने शिकवलेला भाकरीचा धर्म



इंग्रजीतील आध्यात्मिक साहित्य मराठीत आणण्याची सेवा करताना एक छोटासा शब्द पुन्हा पुन्हा समोर येतो. तो शब्द म्हणजे ‘ब्रेड’. शब्दकोशात त्याचा अर्थ सरळ आहे : पाव. पण वाक्यात तो क्वचितच नुसता पाव असतो. कुठे त्याला भाकरी म्हणावे लागते, कुठे घास, कुठे उपजीविका, तर कुठे चक्क पैसा. एकच शब्द इतकी रूपे का घेतो? कारण माणसाचे भाकरीशी असलेले नाते केवळ भुकेचे नाही. आपण भाकरी कशी मिळवतो, कोणाच्या हातची खातो आणि कोणाबरोबर खातो, यावरून आपले जीवन कोणत्या दिशेने चालले आहे ते कळते. या शब्दाच्या निमित्ताने आज आपण स्वतःच्या ताटाकडे नीट पाहू या.

एका भाकरीभोवतीची तीन माणसे

जुन्या इंग्रजीत भाकरीला ‘ह्लाफ’ म्हणत. आजचा ‘लोफ’, म्हणजे अख्खा पाव, त्यातूनच आला. ‘ब्रेड’ या शब्दाचा मूळ अर्थ तुकडा असावा, असे अनेक भाषाअभ्यासक मानतात. पुढे तुकड्याचे नावच साऱ्या भाकरीला मिळाले.

या ‘ह्लाफ’मधून दोन मोठे मानाचे शब्द जन्मले. ‘लॉर्ड’ हा शब्द मुळात ‘ह्लाफवेअर्द’ होता, म्हणजे भाकरीचा राखणदार. ‘लेडी’ या शब्दाचा मूळ अर्थ होता भाकरीचे पीठ मळणारी. आणि घरातील आश्रिताला, सेवकाला म्हणत भाकरी खाणारा. हा तिसरा शब्द सुमारे १४०० वर्षांपूर्वीच्या, केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यात आढळतो.

राखणारा, मळणारी आणि खाणारा. एका भाकरीभोवती असे सारे घर उभे होते. आज ‘लॉर्ड’ म्हटले की किताब आणि सत्ता आठवते. इंग्रजीत परमेश्वरालाही याच नावाने हाक मारतात. पण शब्दाचे मूळ आपल्याला सांगते की, ज्याच्या राखणीमुळे दुसऱ्याच्या ताटात भाकरी पडते, तो मोठा. आपणही देवाला अन्नदाता म्हणतो आणि शेतकऱ्यालाही अन्नदाता म्हणतो. हा योगायोग नव्हे, ही दृष्टी आहे.

आता ‘लेडी’कडे वळू या. मान राहिला, पण पीठ मळणारे हात शब्दातून पुसले गेले. आपल्या घरात काय घडते? तव्यावरची गरम भाकरी सर्वांच्या ताटात पडते आणि ती थापणारी व्यक्ती शेवटी, उरलेले गार अन्न घेऊन बसते. घरात पूजा होते, जप होतो, ग्रंथवाचन होते. पण जिच्या हातांनी आपला देह पोसला, तिच्याबरोबर एकदा तरी गरम भाकरी खायला आपण बसलो का? हा प्रश्न साधनेच्या बाहेरचा नाही.

कंपनी म्हणजे एका भाकरीचे सोबती

मी वाणिज्य शाखेत शिकते. ‘कंपनी’ हा शब्द रोज वाचनात येतो. भागभांडवल, संचालक, ताळेबंद, लाभांश यांच्या गर्दीत त्याचे मूळ कोणाला आठवत नाही. लॅटिनमध्ये ‘पानिस’ म्हणजे भाकरी, आणि ‘कोम’ म्हणजे सोबत. जो सोबत भाकरी खातो तो ‘कम्पॅनियन’, आणि अशा सोबत्यांचा मेळा ती ‘कंपनी’. त्याच ‘पानिस’चे पोर्तुगीजमध्ये ‘पांव’ झाले आणि पोर्तुगीजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर येऊन ‘पाव’ झाले. म्हणजे आपल्या वडापावातील पाव आणि ‘कंपनी’तील सोबत ही एकाच घरातली भावंडे आहेत.

जिथे एका भाकरीचे वाटेकरी एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे कंपनीचे नाव राहते आणि सोबत निघून जाते. आपल्या देशात हे तत्त्व लंगरच्या पंगतीत रोज जगले जाते. तिथे राजा आणि रंक एकाच ओळीत जमिनीवर बसतात. पंढरीच्या वाटेवरही दिंडीतील माणसे एकत्र जेवतात. शेजारी कोण बसला आहे, याची तिथे चौकशी होत नाही.

भाकरीचा पैसा झाला तेव्हा

विसाव्या शतकात इंग्रजी बोलीभाषेत ‘ब्रेड’ म्हणजे पैसा असा अर्थ रूढ झाला. ‘ब्रेड अँड बटर’ म्हणजे पोटापाण्याचा धंदा. लोणी कोणत्या बाजूला लावले आहे हे ओळखणारा, म्हणजे स्वतःचा फायदा कुठे आहे हे पक्के जाणणारा, असाही एक वाक्प्रचार आहे. भाषा माणसाचा स्वार्थ लपवत नाही.

पण भाकरी आणि पैसा यांत एक मोठा फरक आहे. भाकरी साठवता येत नाही. दोन-चार दिवसांत ती वाळते, नाहीतर तिला बुरशी येते. म्हणून उरलेली भाकरी आपल्याला विचारते, आता मी कोणाला देऊ? पैसा असे विचारत नाही. तो वर्षानुवर्षे निमूटपणे पडून राहतो, आणि ज्यांच्या कष्टातून तो आला त्यांचे चेहरे पुसून टाकतो.

इंग्रजीत दुसऱ्याच्या तोंडची भाकरी काढून घेणे असे म्हणतात. आपण म्हणतो, तोंडचा घास हिरावणे. इथे दोन भाषा एकाच पापाला एकाच नावाने ओळखतात. हे पाप करायला दरोडा घालावा लागत नाही. कामवाल्या ताईंचा पगार ‘उद्या देते’ म्हणून आठवडाभर लांबवला, दुकानातील मुलाचा एक दिवसाचा पगार नसत्या कारणावरून कापला, छोट्या पुरवठादाराचे बिल महिनोन्महिने अडकवून ठेवले, तरी कोणाच्या तरी घरी त्या रात्री ताट अर्धे राहते. आपल्या वहीत ती फक्त ‘देणे बाकी’ असते. त्यांच्या घरी ती भूक असते.

‘ब्रेडविनर’ आणि श्रमाचा यज्ञ

कुटुंबातील कमावत्या माणसाला इंग्रजीत ‘ब्रेडविनर’ म्हणतात. ‘विनर’ म्हटले की आज आपल्यासमोर कोणाला तरी हरवणारा विजेता उभा राहतो. पण ‘विन’ या क्रियापदाच्या जुन्या अर्थांत राबणे आणि झटणे हेही आहे. म्हणून ‘ब्रेडविनर’ म्हणजे घरासाठी राबणारा. तो कोणाला हरवत नाही.

याच अंगाने आणखी एक शब्द आपल्या देशाच्या आध्यात्मिक जीवनात आला : ‘ब्रेड लेबर’. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून महात्मा गांधींनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली. ती पुढे ‘मंगलप्रभात’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत या विषयावर एक पत्र आहे. प्रत्येकाने आपल्या भाकरीपुरती तरी अंगमेहनत केली पाहिजे, हा विचार बोंदारेव्ह या रशियन शेतकऱ्याने मांडला आणि टॉलस्टॉय यांनी तो जगापुढे आणला. गांधीजींना तोच विचार गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दिसला : यज्ञ न करता खाणे ही चोरी आहे, आणि इथे यज्ञ म्हणजे श्रम. म्हणून आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रमाला स्थान मिळाले.

आपल्यापैकी अनेक जण खुर्चीवर बसून काम करतात. त्यात कमीपणा नाही. पण स्वतःचे ताट धुण्याची, अंगण झाडण्याची, भाजी निवडण्याची लाज वाटत असेल, तर आपले शिक्षण अजून अपुरे आहे.

‘रोजची’ आणि ‘आमची’

‘डेली ब्रेड’ हा शब्द येशूंनी शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतून इंग्रजीत घरोघरी पोचला. मराठी ख्रिस्ती बांधव त्या प्रार्थनेत ‘भाकर’ हाच शब्द उच्चारतात. त्या मागण्यातील दोन गोष्टी पाहा. मागणे आजच्यापुरते आहे, वर्षभराच्या कोठाराचे नाही. आणि मागणारा ‘माझी’ म्हणत नाही, ‘आमची’ म्हणतो. एकट्यासाठी भाकरी मागायला तिथे जागाच नाही.

इंग्लंडमध्ये १ ऑगस्टला ‘लॅमस’ नावाचा सण असे. नव्या गव्हाची पहिली भाकरी त्या दिवशी चर्चमध्ये अर्पण करत. सणाचे नावही ‘ह्लाफ’वरूनच पडले आहे. आपल्या कोकणात नव्या भाताची नवान्न पौर्णिमा येते. समुद्र वेगळे, धान्य वेगळे, पण भाव एकच : पहिला घास माझा नाही.

आजपासूनची साधना

बंधु-भगिनींनो, शब्दांचा अभ्यास आचरणात उतरला तरच त्याचा उपयोग. चला, पुढील सात दिवसांसाठी चार छोटे नियम घेऊ या.

१. पहिला घास घेण्यापूर्वी क्षणभर थांबून तीन जणांचे स्मरण करा : धान्य पिकवणारा, भाकरी करणारी व्यक्ती आणि आज उपाशी असलेला कोणी एक.

२. दिवसातून एक वेळ घरातील सर्वांनी एकत्र जेवावे. भाकरी करणारी व्यक्तीही त्याच पंगतीत असावी. त्यासाठी वाढायला आपण उठावे.

३. रोज थोडा वेळ तरी हाताने काम करावे, आणि ते दुसऱ्याला सांगू नये.

४. कोणाचे पैसे आपल्याकडे अडकले असतील तर या सात दिवसांत देऊन टाकावेत. दानाचा विचार त्यानंतर करावा, कारण देणे फेडण्याआधी केलेले दान दुसऱ्याच्या भाकरीतून केलेले असते.

ब्रेड म्हणजे मुळात तुकडा. तुकडा झाला की भाकरी दुसऱ्याच्या हातात देता येते. आज रात्री भाकरी मोडाल, तेव्हा आधी शेजारच्या ताटाकडे पाहा आणि मग पहिला घास घ्या.