न जाळलेल्या लाकडाचा तराजू

पवित्र कुरआनात मापात पाप करणाऱ्यांच्या नावाने एक स्वतंत्र सूरह आहे, 'अल्-मुतफ्फिफीन'. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी भरवणारे, असा त्या शब्दाचा रोख. मदयनच्या लोकांकडे पाठविलेल्या हजरत शुऐब (अलैहिस्सलाम) यांच्या उपदेशातही एका अल्लाहच्या बंदगीपाठोपाठ विषय येतो तो नापतोलचाच. आमच्या दारव्ह्यासारख्या कापसाच्या गावाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हंगामात गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर आकड्यावरून हलत नाही, आणि ओलाव्याच्या नावाने किती कापले याचा हिशोब तो घरी पोहोचेपर्यंत बोटांवर करत असतो. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे असतात व दोघांचे हित उलट असते. त्या उलट हितामुळेच काटा थोडाफार सरळ राहतो.

पण ज्या मालात काट्यावर ठेवायला काहीच नाही, त्या मालाच्या सौद्यात हे कसे जमायचे?

कार्बन क्रेडिट हा असा माल आहे. (वर्गात 'क्रेडिट' म्हणजे काय असे विचारले तर मुले बिनदिक्कत 'उधारी' सांगतात. किराणा दुकानातल्या वहीने शिकवलेला हा अर्थ पुढे वाचल्यावर फारसा चुकीचा वाटणार नाही.) एक क्रेडिट म्हणजे हवेत न गेलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. १९९७ साली क्योटो येथे करार झाला, २००५ च्या फेब्रुवारीत तो अमलात आला, आणि त्यातल्या एका यंत्रणेने श्रीमंत देशांना मुभा दिली की आपल्याकडचा धूर कमी करण्याऐवजी गरीब देशांत कमी झालेला धूर विकत घ्यावा. भारत या बाजारातला मोठा विक्रेता ठरला. पण विकले जाते ते 'झाले नाही' असे काही. जे झाले नाही ते मोजायचे कसे? त्यासाठी 'हा प्रकल्प नसता तर काय झाले असते' अशी एक कल्पना कागदावर मांडतात, आणि तिच्यातून प्रत्यक्षात जे झाले ते वजा करतात. उरलेली रक्कम म्हणजे माल. ही कल्पना मांडण्याच्या नियमांना 'पद्धती' म्हणतात. म्हणजे या बाजारात पद्धत हाच तराजू आणि पद्धत हेच वजन.

चुलीचे उदाहरण घेऊ, कारण ते आमच्या अंगणातले आहे. कमी लाकडात जास्त आच देणारी चूल घरोघर वाटायची आणि वाचलेल्या लाकडाचे क्रेडिट विकायचे, असे प्रकल्प महाराष्ट्रातही झाले आहेत. कागदावर हिशोब सोपा. आता दारव्हा तालुक्यातल्या एखाद्या स्वयंपाकघरात जाऊन पाहा. चुलीत काय जळते? पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस वेचून झाला, तूर झोडून झाली की उभे राहिलेले हे जळण घराशेजारी रचलेले असते. पऱ्हाटी जळली तर तिच्यातला कार्बन पुढच्या खरिपात नवी पऱ्हाटी हवेतून पुन्हा ओढून घेते. जंगल तोडून पुन्हा न उगवणारे लाकूड जाळणे आणि दरवर्षी उगवणारी काडी जाळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणूनच हिशोबात एक गुणक असतो, जळणापैकी किती भाग पुन्हा न उगवणारा? जगभर अनेक प्रकल्पांनी हा भाग ऐंशी-नव्वद टक्के धरला. स्वतंत्र अभ्यास नसेल तिथे ३० टक्केच धरा, असा आकडा क्योटोच्या यंत्रणेने पुढे ठेवला. एका आकड्याच्या फरकाने तोच माल तिप्पट होतो.

दुसरे असे की नवी चूल आली म्हणून जुनी विझत नाही. चहा नव्यावर, दूध उज्ज्वला योजनेतल्या गॅसवर, आणि ज्वारीची भाकरी मात्र जुन्या रुंद चुलीवर, कारण तवा तिथेच नीट बसतो आणि भाकरी शेकायला निखारे तिथेच मिळतात. ज्याने घरी भाकरी थापताना पाहिली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. ज्याने तक्त्यात चुली मोजल्या त्याला ते दिसले नाही. २०२४ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या संशोधकांनी 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात चूल-प्रकल्पांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांना मिळालेली क्रेडिट्स खऱ्या बचतीच्या नऊपटींहून अधिक होती.

पवनचक्क्यांचा प्रश्न निराळा. तिथे वीज खरीच तयार झाली, धूर खरोखर झाला नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा यंत्राच्या किमतीवर प्राप्तिकरात मोठी घसारा-सवलत होती. महाराष्ट्रातल्या पवनऊर्जा प्रकल्पांनी क्रेडिट्सही मागितली. आता विचारायचे ते एवढेच, क्रेडिटचे पैसे नसते तर या चक्क्या उभ्या राहिल्याच नसत्या काय? तसे नसेल तर विकणाऱ्याने असे काही विकले जे त्याच्या नावावर कधी नव्हतेच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्यापाशी नसलेली वस्तू विकण्यास मनाई केली, झाडावरचे फळ पिकण्याआधी त्याचा सौदा करण्यासही मनाई केली. त्या मनाईमागचा विचार या बाजाराला जसाच्या तसा लागू पडतो असे आम्हांस वाटते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ऐच्छिक कार्बन बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रचलित पुनर्नवीकरणीय विजेच्या पद्धतींना आपली गुणवत्तेची मोहोर नाकारली, तीही याच कारणाने.

आता मूळ नैतिक गाठीकडे येऊ. दारव्ह्याच्या काट्यावर माप चुकले तर कोणीतरी ओरडतो. इथे विकणाऱ्याला जास्त टन हवेत आणि घेणाऱ्यालाही स्वस्तात जास्त टन हवेत. दोघांचा डोळा एकाच बाजूला. मधला तपासनीसही बहुधा विकणाऱ्याच्याच पैशाने आलेला. ज्याचे माप मारले गेले तो तिसरा, सौद्याच्या वेळी हजरच नसतो. पाऊस लांबल्याने दुबार पेरणी करणारा शेतकरी किंवा अजून न जन्मलेले मूल, त्याला काट्यापाशी कोणी बोलावलेले नसते. इस्लामी शहरांच्या बाजारात 'मुहतसिब' नावाचा अधिकारी असे. वजने तपासणे, भेसळ पकडणे हे त्याचे काम. तक्रार येण्याची वाट पाहणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते, कारण काही गुन्ह्यांत तक्रारदारच नसतो.

पद्धती बदलण्याचे जे काम सध्या चालू आहे ते आमच्या मते मुहतसिबाचे आहे. पॅरिस कराराच्या (२०१५) सहाव्या कलमाखाली क्योटोच्या जागी नवी यंत्रणा आली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात बाकू येथे तिच्या पद्धतींसाठी मानके ठरली. 'नेहमीप्रमाणे चालले असते तर' या कल्पनेपेक्षा तुलनेची रेषा खालीच धरायची आणि कालांतराने ती आणखी खाली आणायची, हा त्यातला गाभा. शंका असेल तिथे कमी मोजा. वाण्याने आपल्या बाजूने झुकते माप द्यावे, तसेच हे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. माप कडक केले तर चुलीमागचे पैसे आटतील, आणि चुलीपुढे बसून डोळे चोळणाऱ्या बाईला नवी चूल मिळणार नाही. खोट्या टनांनी का होईना, तिच्या छातीतला धूर कमी होत असेल तर कोणाचे काय बिघडले? शिवाय हिशोब काढायचाच तर जुना काढा. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज 'शकुंतला' दारव्ह्यावरून धावत होती, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे, आणि तिथून पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे पोहोचवण्यासाठी. त्या गिरण्या कोळशावर चालल्या. तो धूर अजून वरच आहे. ज्यांनी तो सोडला त्यांचे वारस आज आम्हांला पऱ्हाटीचा गुणक शिकवणार?

जुन्या हिशोबाचा मुद्दा आम्हांला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून खोटे माप मान्य होत नाही, उलटच होते. देणेकऱ्याला नऊ टनांची पावती एका टनावर मिळाली तर फायदा देणेकऱ्याचाच. बाईच्या छातीतला धूर कमी करायचा आहे ना, तर त्याचे पैसे त्याच नावाने द्या, मदत म्हणून, किंवा जुने देणे म्हणून. टनाच्या नावाने देऊन वर स्वतःची भट्टी चालू ठेवण्याचा परवाना घेऊ नका. आपल्याकडे कफ्फारा आहे, मुद्दाम मोडलेल्या रोजाबद्दल गरिबांना जेऊ घालता येते. पण उद्याचा रोजा मोडण्याची सोय म्हणून आजच जेवण घालून ठेवणाऱ्याला कोणी कफ्फारा देणारा म्हणत नाही. आणि बंद्यांच्या हक्कांबाबत तर उलेमांचे म्हणणे स्पष्ट आहे, ज्याचा हक्क मारला त्याला तो परत करीपर्यंत तौबा पुरी होत नाही.

म्हणूनच जुन्या क्रेडिटांबाबत जे ठरले ते आम्हांला खटकते. २०२१ साली ग्लासगो येथे, २०१३ पासून नोंदलेल्या प्रकल्पांची क्योटो काळातली क्रेडिट्स नव्या करारातल्या पहिल्या उद्दिष्टांसाठी चालतील असे मान्य झाले. खोटी वजने बदलली, पण त्या वजनांनी मोजलेला माल दुकानात तसाच राहू दिला.

भारताचाही बाजार आता उभा राहतो आहे. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३ च्या जूनमध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. आपल्या पद्धती आपणच ठरवणार असू, तर एका कागदाकडे आधी पाहावे. चूल हाती देताना बाईकडून सही किंवा अंगठा घेण्याची रीत अशा प्रकल्पांत आहे. वाचलेल्या कार्बनवरचा हक्क तिने प्रकल्पवाल्याला दिला, असे त्यात लिहिलेले असते. व्यापार उभयतांच्या राजीखुशीने व्हावा, ही कुरआनाची अट. आपण काय विकले हे ज्या बाईला ठाऊक नाही, आणि तिचा माल पुढे कोणत्या भावाने गेला हेही जिला कोणी सांगितले नाही, तिची राजीखुशी कुठे धरायची? त्या कागदाची मराठी, कोलामी, बंजारा, उर्दू, जिची जी असेल त्या बोलीतली प्रत, मिळालेला भाव आणि तिचा वाटा, या तीन गोष्टी पद्धतीतच अट म्हणून लिहिता येतात. लाकूड मोजायला माणूस तिच्या दारात येतोच. त्याच फेरीत तो हेही वाचून दाखवू शकतो.