पदक, बेडी आणि साक्ष

मलकापुराच्या आसपास पलटणीत मनुष्य पाठविलेली घरे पुष्कळ आहेत. ह्या मुलखास शौर्याची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. विशाळगडाच्या वाटेवरील खिंडीत इ. स. १६६० च्या जुलै महिन्यात बाजीप्रभू देशपांडे ह्यांनी देह ठेवला, ही गोष्ट येथील मूल शाळेत जाण्यापूर्वीच ऐकते. अशा ह्या भागात एका गृहस्थांनी मजपुढे पत्र्याची एक जुनी पेटी उघडली. आत त्यांच्या आजोबांची पदके होती. आजोबा पाचव्या मराठा पलटणीच्या दुसऱ्या तुकडीत होते. ता. २१ जून १९४२ रोजी आफ्रिकेतील तोब्रुक शहर पडले आणि सुमारे ३३,००० माणसे शत्रूच्या हाती सापडली, त्यांत तेही होते. पुढची तीन वर्षे त्यांनी तारांच्या कुंपणाआड काढली. पेटीतील पदके त्या रणक्षेत्रात चाकरी केलेल्या सर्वांसच मिळालेली होती. शौर्याबद्दलचे असे त्यांत एकही नव्हते. “हा हात वर करून आलेला,” असे गावातील काही लोक त्यांच्यामागे बोलत. ते गृहस्थ म्हणाले, “माझा आजा शूर होता की नव्हता, हे मी माझ्या मुलांस काय सांगू?”

वाचकहो, हा प्रश्न एका घरापुरता नाही. मनुष्याची योग्यता त्याच्या छातीवर जे लावलेले असते त्यावरून ठरते काय, असा हा प्रश्न आहे.

प्रथम पदक म्हणजे काय ते पाहू. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे हे ता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होते. त्यांच्या हाताखालील सर्व शिपाई पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले, ते ठाणे त्यांनी बंद पाडले आणि तेथेच गोळी लागून पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो यथायोग्यच होता. पण तो मिळण्यास शौर्याखेरीज आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे साक्ष. कोणी तरी पाहिले, कोणी तरी सांगितले, कोणी तरी लिहून घेतले. पदक हे शौर्याचे माप नव्हे. पाहिलेल्या शौर्याविषयी लोकांनी दिलेली ती साक्ष आहे.

आता बंदिवासाचा विचार करा. तेथे धावून जावयास ठाणे नसते. शौर्य असलेच तर ते बहुधा “नाही” म्हणण्याचे असते, आणि हे “नाही” अंधाऱ्या खोलीत, शत्रूखेरीज कोणी ऐकत नसता म्हणावे लागते. हैदराबाद संस्थानचे कॅप्टन मतीन अहमद अन्सारी हे राजपूत पलटणीतील अधिकारी इ. स. १९४१ च्या नाताळात हाँगकाँग पडले तेव्हा जपान्यांच्या कैदेत गेले. ते संस्थानिकाच्या नात्यातील आहेत असे कळताच, त्यांनी आपली निष्ठा सोडावी व इतर हिंदी कैद्यांस फितवावे म्हणून त्यांचा छळ करण्यात आला, उपासमार करण्यात आली. ते बधले नाहीत. छावणीत परत आल्यावर ते इतर कैद्यांच्या सुटकेच्या गुप्त कामास लागले, पुन्हा पकडले गेले, आणि ता. २९ ऑक्टोबर १९४३ रोजी तिसाहून अधिक इतर कैद्यांसह त्यांचा शिरच्छेद झाला. इ. स. १९४६ मध्ये त्यांस मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला. व्हिक्टोरिया क्रॉस रणांगणात शत्रूसमोर केलेल्या कृत्यासाठी असतो. जॉर्ज क्रॉस इ. स. १९४० मध्ये निघाला, तो रणांगणाबाहेरच्या धैर्यासाठी. म्हणजे बेडीतील धैर्य हेही धैर्यच आहे, हे राज्यकर्त्यांसही मान्य करावे लागले.

परंतु लोकांची साक्ष किती अपुरी असते तेही पाहा. इ. स. १९६२ च्या ऑक्टोबरात लडाखमधील सिरिजाप ठाण्यावर मेजर धनसिंग थापा लढले. ते पडले असे समजून त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले, घरी उत्तरक्रियाही झाली. पुढे कळले की ते चिन्यांच्या कैदेत जिवंत आहेत, आणि इ. स. १९६३ मध्ये ते परत आले. “मरणोत्तर” हा शब्द खोडावा लागला. शौर्य मात्र तेच राहिले. मनुष्य जिवंत परत आला म्हणून त्याचे कृत्य उणे होत नाही, हे ह्या एका उदाहरणावरून आपण शिकावे.

ह्याहून कडू उदाहरण कूतचे आहे. मेसोपोटेमियातील त्या गावी जनरल टाउनशेंड ह्यांची फौज १४७ दिवस वेढ्यात राहून ता. २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तीत १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणींचे शिपाई होते. सेनापतीस कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर आरामात ठेविले, आणि कैदेत असतानाच इ. स. १९१७ मध्ये त्यांस सरदारकीचा बहुमान मिळाला. शिपायांस वाळवंटातून पायी चालविले, रेल्वेच्या कामास लाविले, आणि हजारो माणसे रोगाने व भुकेने मेली. पुढे बसरा येथे स्मारक उभारले, त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली; हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या. जो उंच उभा असतो तो लवकर दिसतो, आणि जो दिसतो त्यासच मनुष्ये मान देतात.

प्रेषित पौल रोमी साम्राज्यात वाढला होता. शत्रूच्या तटावर जो शिपाई प्रथम चढेल त्यास रोमी लोक तटाच्या आकाराचा मुकुट देत. आता करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा अकरावा अध्याय उघडा. पौल तेथे आपल्या अभिमानाच्या गोष्टी मोजतो: फटके, तुरुंग, गलबत फुटणे, भूक, थंडी. आणि शेवटी काय सांगतो? दिमिष्कात आपणांस पाटीत बसवून तटावरून खाली सोडले, ही गोष्ट. ज्या तटावर चढल्याने जगात मुकुट मिळे, त्याच तटावरून आपण कसे उतरलो हे तो न लाजता लिहितो. आपल्या दुर्बलतेत देवाचे सामर्थ्य होते, हेच त्याचे पदक.

ह्यावरून बंदिवासात गेलेला प्रत्येक जण शूरच, असे मी म्हणत नाही. कित्येक तेथे मोडले. कित्येकांनी भाकरीसाठी सोबत्यास विकले. साक्षीदार नाही म्हणून दोष देता येत नाही, तसेच केवळ त्याच कारणाने गौरवही करता येत नाही. म्हणून त्या गृहस्थांस मी “तुमचे आजोबा शूर होते” असे खोटे समाधान दिले नाही. जे खरे आहे ते सांगितले. तोब्रुकची शरणागती शिपायाने ठरविली नव्हती, ती सेनापतीने दिली. म्हणून “हात वर केले” हा डाग त्यांचा नव्हे. तीन वर्षे त्यांनी काय सोसले, कोणास आपल्यातली भाकर दिली, कोणत्या रात्री “नाही” म्हटले, हे त्यांनी घरी कधी सांगितले नाही. ते देव जाणतो. मुलांस इतके सांगावे, की हा मनुष्य गेला, त्याने सोसले आणि तो परत येऊन शेत कसू लागला. न्याय करणे आपले काम नव्हे.

मग आपले काम कोणते? पदक तुच्छ मानू नये. ज्यांनी पाहिले त्यांची ती प्रामाणिक साक्ष आहे. परंतु तिच्या पलीकडे जे न दिसलेले उरते, त्याबद्दल आपली जीभ आवरावी. इब्रीकरांस पत्र लिहिणारा सांगतो, की बंदिवानांची आठवण त्यांच्याबरोबर आपणही बांधलेले आहो अशी करावी. आपल्या खेड्यांत पलटणीतून परतलेले असे वृद्ध आहेत, ज्यांस कोणी काही विचारीत नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर त्यांपैकी एकाजवळ बसा. ते बोलले तर ऐका. न बोलले तर त्यांच्याबरोबर उगीच बसून राहा. ज्यास साक्षीदार मिळाला नाही, त्यास निदान एक सोबती मिळावा.

त्या गृहस्थांनी पेटी बंद केली नाही. ती आता त्यांच्या घरी फळीवर उघडी ठेवलेली असते, आणि मुले विचारतात तेव्हा ते सांगतात.