माफ करायचा हक्क कुणाचा?

रस्त्यात आडवी लावलेली गाडी पोलिसाने दंड न करता सोडली, तर त्याने दया केली असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. जे सोडून दिलं, ते सोडणाऱ्याचं होतं का?

माझं सासर आंबी, माहेर आंबवणे. लोणावळ्याच्या डोंगरातली इंद्रायणी भुशीच्या धरणातून खाली आमच्या आंबीला येते आणि पुढे देहू-आळंदीला जाते. माहेरचा रस्ता मात्र भुशीवरूनच वर चढतो, लायन्स पॉइंट, आतवण करत. धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागलं की शनिवार-रविवारी त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात. आतवण, आंबवण्याच्या माणसाला लोणावळ्याचा बाजार, कॉलेज, दवाखाना गाठायला हीच वाट आहे.

माझा भाचा होमगार्डमध्ये आहे. पावसाळ्यात त्याची ड्युटी त्याच रस्त्यावर लागते. एका रविवारी रात्री तो माझ्याकडे जेवायला आला आणि सांगायला लागला, "आत्या, आज एका गाडीला जॅमर लावला होता. आत लहान पोरं रडत होती. बाई हात जोडून म्हणाली, समजून घ्या. साहेबांना सांगून काढायला लावला. पावती पण नाही फाडली."

मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आईला दम्याचा झटका आला होता तेव्हा तिची गाडी याच रस्त्यावर सहारा पुलाच्या अलीकडे अडकून पडली होती. वाट अडवणाऱ्या त्या गाड्यांतही लहान पोरं असतीलच ना?"

तो गप्प झाला. आई वाचली त्याची, पण ते सगळं त्याला आठवत होतं.

माफी कुणी करायची, यावर महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या भावांची गोष्ट आहे. युद्धानंतर राज्य नको म्हणणाऱ्या युधिष्ठिराला व्यास ती सांगतात. लिखिताने थोरल्या भावाच्या आश्रमातली फळं न विचारता खाल्ली. शंख म्हणाला, ही चोरी झाली, राजाकडे जा आणि शिक्षा माग. राजा सुद्युम्न म्हणाला, शिक्षा द्यायचा अधिकार माझा, तसा माफीचाही माझाच. लिखिताने माफी नाकारली. त्याचे हात तोडले गेले. मग भावाच्या सांगण्यावरून तो बाहुदा नदीत उतरला आणि हात परत आले. त्याने विचारलं, तुझ्या तपात एवढं बळ होतं तर आधीच का नाही शुद्ध केलंस मला? शंख म्हणाला, दंड देणं माझं काम नव्हे, ते राजाचं.

हात तोडण्याची शिक्षा आज कुणी मागणार नाही, मीही नाही. पण सुद्युम्नाचा मुद्दा आजही प्रत्येक नाक्यावर ऐकू येतो आणि मला तो मान्य नाही. फळं शंखाची होती. वाट आतवण-आंबवण्याच्या लोकांची आहे, मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेची आहे. ज्याचं नुकसान झालं तोच क्षमा करू शकतो. शिपायाने दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानाला दान कसं म्हणू? तुकोबांनीसुद्धा दयेत जीवांच्या सांभाळासोबत दुष्टांचा बंदोबस्त घातला आहे.

2019 साली मोटार वाहन कायदा सुधारला, तेव्हा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली गेली. गाडी वाटेत उभी करून मालक धरणावर भिजायला गेला, तर महाराष्ट्रात पहिल्या वेळी 500 रुपये, पुन्हा केलं तर 1500. आजारी माणसाला दोन्ही सारखंच.

30 जून 2024 ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. 15 जून 2025 ला आमच्याच इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार. अशा वेळी मदतीची गाडी पोचायला रस्ता मोकळा लागतो, आणि तो माणसं बुडाल्यावर मोकळा करता येत नाही. आधीच्या शंभर "समजून घ्या"नी तो अडवलेला असतो.

दंड करणाऱ्यावरही धर्म आहे. पुढाऱ्याच्या गाडीला सलाम आणि मजुराच्या मोटारसायकलला जॅमर, हा दंड नव्हे, जुलूम आहे. गाडी लावायला जागाच न देता दंड वसूल करणं हाही अन्याय. आणि पावती फाडल्यावर शिवी कशाला? दंड भरला की लिखित शुद्ध झाला, शंखाने त्याला पुन्हा चोर म्हटलं नाही. भाच्याला मी हेच सांगितलं: साहेबांना पावती फाडू दे, मग त्या पोरांना बिस्कीट दे, बाईला वाहनतळाची वाट दाखव. बिस्कीट तुझ्या पैशाचं आहे, ते तू खुशाल दे.

या पावसाळ्यात तुम्ही आमच्याकडे या. पाऊस आमच्या एकट्याचा नाही. गाडी वाहनतळावर लावा, तिथून चालत या, आणि चुकून पावती फाडली गेलीच तर "समजून घ्या" न म्हणता भरा.