नाव आणि माणूस

आमच्या वस्तीच्या नाक्यावर रिक्षावाले दिवसभर ‘हिंदूराव, हिंदूराव’ असा पुकारा करीत असतात. त्यांच्या लेखी ते एका इस्पितळाचे नाव आहे. फार तर सदर बाजारालगतच्या बाडा हिंदूराव या मोहल्ल्याचे. हिंदूराव नावाचा कोणी एक माणूस होता, आणि तोही कागलकर घाटग्यांपैकी, याची वार्ता पुकारणाऱ्याला नाही आणि रिक्षात बसणाऱ्यालाही नाही.

दिल्लीस बदली होऊन मी येथे बिऱ्हाड केले, तेव्हा सर्वांत अधिक आनंद झाला तो माझ्या आजोबांना. आम्ही कागलचे. ‘म्हणजे तू आपल्याच माणसाच्या वाड्याशेजारी राहतोस की,’ असे म्हणून त्यांनी दूरध्वनीवर सारी हकीकत सांगितली. हिंदूराव हे बायजाबाई शिंद्यांचे बंधू. 1835 मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि टेकडीवरील त्याचा बंगला पुढे हिंदूरावांकडे आला. 1857 च्या वेढ्यात इंग्रजांनी व गुरख्यांनी तोच बंगला धरून ठेवला. पण त्यापूर्वीच हिंदूराव निवर्तले होते. आज तेथे इस्पितळ आहे. नाव उरले, माणूस मात्र हरपला.

गेल्या वर्षी आजोबा गेले. मी पोहोचलो तेव्हा अस्थी सावडून झाल्या होत्या. परमुलखात चाकरी करणाऱ्या वाचकांना याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

तेराव्याच्या दिवशी पंक्ती उठल्यावर मी चार शब्द बोललो. वीज गेली की आजोबा कंदील लावून मला गणिते शिकवीत. उत्तर चुकले तरी रागावत नसत, फक्त पाटी पुसून पुन्हा पुढे सरकवीत. ऐकणाऱ्यांचे डोळे ओलावले. माझेही ओलावले. आत्या तेवढी भांडी आवरीत राहिली. रात्री ती मला म्हणाली, ‘छान बोललास. पण सातवीनंतर माझं दप्तर त्यांनीच माळ्यावर टाकलं, ते का नाही सांगितलंस? गणितात मी तुझ्यापेक्षा हुशार होते.’ तिच्या स्वरात राग नव्हता, हेच मला अधिक लागले.

मृताला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्याविषयी चांगलेच बोलावे, हा शिष्टाचार मला मान्य आहे. परंतु या सौजन्याचे मोल कोणी तरी जिवंत माणूस चुकते करीत असतो. आमच्या घरी ते आत्याने पन्नास वर्षे चुकते केले आहे. मी मात्र आजोबांवरील प्रेमापोटी त्यांचे इस्पितळ करून टाकले होते: नुसते नाव आणि त्याभोवती उपकारांची इमारत. त्या इमारतीत त्यांना स्वतःलाच राहायला जागा नव्हती. कंदील लावणारा हात आणि दप्तर फेकणारा हात एकच होता. यांतला एक वगळला, तर ज्यांच्यावर माझे प्रेम होते ते गृहस्थ नव्हेत, दुसरेच कोणी तरी उरतात. त्यामुळे प्रेम उणावले का? मी प्रामाणिकपणे सांगतो, उणावले नाही. पण आता ते पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही.

वर्षश्राद्धाला वडिलांनी तीन पिढ्यांना पिंड दिले. तिसऱ्या नावाविषयी घरात कोणासही एक अक्षर सांगता येईना. तोही कोणावर रागावला असेल, कोणासाठी जागला असेल. आमच्या हयातीनंतर आजोबाही त्याच जागी सरकणार आहेत. त्याला इलाज नाही, आणि त्याचे मला फारसे दुःखही वाटत नाही. तोवर मात्र त्यांना खोटे करण्याचा अधिकार मला नाही.

परवा रविवारी मुलीला घेऊन टेकडीवर गेलो होतो. फिरोजशहा तुघलकाने मीरतहून आणलेला अशोकस्तंभ तेथे आहे. तो फुटून त्याचे पाच तुकडे झाले होते, ते जोडून 1867 मध्ये पुन्हा उभा केला. त्याच्या सावलीत तिने पणजोबांची गोष्ट मागितली. मी आधी कंदिलाची सांगितली, मग दप्तराची. ती थोडा वेळ गप्प राहिली.

‘मग आत्याआजीनं ते माळ्यावरून पुन्हा काढलं नाही?’

हे मी आत्याला कधी विचारलेच नव्हते.