भरपाईची पावती

पार्टवित्स तळ्याच्या काठचा रस्ता इतका गुळगुळीत आहे की वारा पडला की स्वतःच्याच सायकलच्या साखळीची कुरकुर ऐकू येते. चढ नाही, मोटारी नाहीत, खड्डा तर नाहीच. डावीकडे पाइनची झाडं, एका वयाची, एका उंचीची, शाळेच्या रांगेसारखी उभी. उजवीकडे पाणी. त्या पाण्याचा निळा रंग मी आधी फक्त पर्यटनाच्या माहितीपत्रकांत पाहिला होता आणि खोटा समजले होते.

दोन महिने एका अनुवादाच्या कामासाठी ड्रेस्डेनला होते. रविवारी सायकल गाडीत टाकायची, झेन्फ्टेनबर्गला उतरायचं आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत तळ्यांमागून तळी पालथी घालायची, असा नेम झाला होता. हा लाउझित्सचा प्रदेश, जर्मनीच्या पूर्वेला पोलंडच्या सीमेपर्यंत पसरलेला. नकाशावर आज इथे वीसहून अधिक तळी दिसतात. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावर त्यांतलं एकही नाही. हे सगळे तपकिरी कोळशाच्या खुल्या खाणींचे खड्डे आहेत.

खाणकाम समजायला सोपं आहे. कोळशाचा थर साधारण दहा मीटरचा, आणि त्याच्यावर पन्नास मीटर, कुठे त्याहूनही जास्त, माती आणि वाळू. वरची माती उचलून मागे टाकायची, कोळसा काढायचा, पुढे सरकायचं. खाण एका जागी राहत नाही, ती चालते. तिच्या वाटेत रान, ओढा, शेत, गाव, जे येईल ते उचललं जातं. पाणी आत येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं भूजल उपसत राहायचं. पूर्व जर्मनी हे राष्ट्र याच कोळशावर चाललं. शेवटच्या वर्षांत तिथे वर्षाला सुमारे ३० कोटी टन निघत होता. एकीकरणानंतर एकामागून एक खाणी बंद झाल्या. काढलेला कोळसा परत येणार नव्हता, तेव्हा तेवढी पोकळी उरणारच होती. पंप थांबले की भूजल आपोआप वर येतं. ते लवकर यावं म्हणून नद्यांचंही पाणी वळवलं. झेन्फ्टेनबर्गचं तळं आधीच्या तळ्यांपैकी. ते १९७३ मध्येच लोकांसाठी खुलं झालं होतं. बाकीची बहुतेक नंतरची.

या प्रदेशाचं नाव ज्या स्लाव्ह शब्दावरून आलं त्याचा अर्थ दलदल, डबकं असा आहे. पाण्याचं नाव असलेली जमीन कोरडी केली आणि मग पुन्हा पाण्याने भरली, एवढंच सांगितलं तर गोष्ट वर्तुळासारखी पूर्ण वाटते. तसं वाटू लागलं की मी सावध होते.

त्या निळ्या रंगाचं कारण मला तिसऱ्या रविवारी कळलं. उलथलेल्या मातीत लोखंड आणि गंधक यांचं एक खनिज असतं. हवा लागली की ते बदलतं, पाणी आलं की आम्ल तयार होतं. आम्लात शेवाळ धरत नाही, मासे टिकत नाहीत, म्हणून पाणी असं निवळशंख. ते निवळावं म्हणून नव्हे, तर जगावं म्हणून चुना टाकणाऱ्या बोटी तळ्यांतून फिरवाव्या लागतात. आणि थोड्या थोड्या अंतरावर पिवळ्या पाट्या आहेत: आत जाऊ नका, जिवाला धोका. मागे टाकलेली ती वाळू अजून बसलेली नाही. भूजल चढलं की ती एका क्षणात द्रवासारखी वाहू लागते. २०१० मध्ये श्प्रेटालजवळ एवढा मोठा पट्टा घसरला की मालमोटारी आणि मेंढरांचा कळप त्यात गेला. म्हणजे सायकलस्वाराला आखून दिलेली डांबराची पट्टी तेवढी खात्रीची. तिच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

गावांकडे येते. लाउझित्समध्ये कोळशासाठी पूर्ण किंवा अर्धवट उठवलेल्या गावांची संख्या १३० च्या वर आहे. यांतली पुष्कळ सॉर्ब लोकांची. सॉर्बी ही जर्मनीतली छोटी स्लाव्ह भाषा, खरं तर वरची आणि खालची अशा दोन. आपल्या संस्कृतात होतं ते द्विवचन तिच्यात अजून नांदतं. ‘आम्ही दोघं’ यासाठी तिथे एकच सर्वनाम आहे. मराठीने द्विवचन कधीच सोडून दिलं आणि आपल्याला त्याची चुटपूट लागत नाही. पण आपलं कोणी काढून नेलं नव्हतं. सॉर्बीचं नुकसान फक्त कोळशाने केलं असं म्हणणं खोटं होईल. शाळा, राज्यकर्ते, नात्सी काळातली बंदी, या सगळ्यांचा हात आहे. तरी एक गाव उठवून त्यातली माणसं शहरातल्या नव्या इमारतींत विखुरली की भाषेचं काय होतं हे सांगायला भाषाशास्त्र लागत नाही. जिन्यात भेटणारा शेजारी जर्मन बोलतो, मग आपणही जर्मन बोलतो.

होर्नो हे गाव, सॉर्बीत रोगॉव, लढलं. ब्रांडेनबुर्ग राज्याच्या घटनेत सॉर्बांच्या वस्तीच्या प्रदेशाला संरक्षण आहे, तरी १९९७ मध्ये ते गाव खाणीला देण्याचा कायदा झाला. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं. २००० मध्ये न्यायालयाने म्हटलं की झळ बसते आहे खरी, पण सार्वजनिक हिताच्या तुलनेत ती प्रमाणाबाहेर नाही. ‘प्रमाण’ हा शब्द मी कामात अनेकदा वापरला आहे. त्या निकालानंतर तो हाताला जड लागतो.

जर्मन खाण कायद्यात खाणीनंतरच्या कामासाठी जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘पुन्हा वापरण्याजोगं करणं’. पूर्ववत करणं असं कायदा म्हणत नाही, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्याचा आदर वाटतो. ‘निसर्ग परत आला’ हे माहितीपत्रकं म्हणतात.

रॉबर्ट एलियट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९८२ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं: मोडून पुन्हा उभारलेला निसर्ग हा नकली चित्रासारखा. हुबेहूब असला तरी त्याचं मोल तेवढं नाही, कारण एखाद्या गोष्टीचं मोल ती कशी झाली यातही असतं. एम.ए.ला असताना मला हे पटलं होतं. पुढे वीस वर्षं अनुवाद केल्यावर अर्धंच पटतं. अनुवादही मूळ नव्हे, पण त्याला नकली कोणी म्हणत नाही, कारण तो आपल्या कपाळावर ‘अनुवाद’ लिहून येतो. मग तळ्यांनी आपल्या कपाळावर लिहावं की. काही प्रमाणात लिहिलंही आहे. झेडलित्स तळ्याकाठी गंजू दिलेल्या पोलादाचा तीस मीटरचा मनोरा आहे, लोक त्याला ‘गंजका खिळा’ म्हणतात. लिष्टरफेल्डला माती वाहून नेणारा पाचशे मीटर लांबीचा अजस्र यांत्रिक पूल भंगारात न काढता उभा ठेवला आहे. नव्या धक्क्यांवरच्या पांढऱ्या बोटींपेक्षा मला ते लोखंड बरं वाटतं. आणि झोर्नो व रोझेनडोर्फ ही दोन गावं गेली, पण तळी जोडणाऱ्या दोन कालव्यांना त्यांची नावं आहेत. तरी माझी उपमा एका जागी मोडते. माझा अनुवाद छापून आला तरी मूळ पुस्तक कपाटात असतं. इथलं मूळ भट्टीत जाळून टाकलेलं आहे.

त्या बाई मला याच विचारात भेटल्या. बाकावर बसले होते, शेजारी त्यांनी बॅटरीची सायकल लावली. सत्तरीच्या असाव्यात. मोठं पार्टवित्स गेलं तेव्हा त्या शाळेत होत्या. धाकटं पार्टवित्स काठावर अजून आहे. आई-वडील आपसात सॉर्बी बोलत, यांना समजते, पण बोलता येत नाही. मी विचारलं, घर कुठे होतं? त्यांनी पाण्याकडे हात केला. मग हात वर उचलला. “तिथे नाही, तिथे,” म्हणाल्या. पाण्याच्या बऱ्याच वर एक पक्षी घिरट्या घालत होता. तळ्याची पातळी जुन्या जमिनीपेक्षा खाली आहे. त्यांचं घर पाण्यात नव्हे, हवेत होतं.

मला एकदम उजनी आठवलं. माझ्या आईचं आजोळ भीमेकाठी होतं, १९८० च्या सुमारास उजनी धरणात गेलं. पण ते गेलं म्हणजे बुडालं. दुष्काळी वर्षी पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं तसे त्या गावाचेही चौथरे दिसतात, म्हातारी माणसं जाऊन बघून येतात. मी हे सांगितलं तर बाई जरा हेवा वाटल्यासारख्या म्हणाल्या, “म्हणजे तुमचं आहे अजून.” याला काय उत्तर द्यावं मला कळेना. त्याच उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, मी दुर्बीण घेऊन रोहित पक्षी बघायला गेले आहे, आनंदाने, आणि आईला सांगितलेलं नाही.

मी त्यांना विचारलं, हे तळं भरपाई वाटतं का? जर्मनमध्ये जो शब्द वापरावा लागतो त्यात ‘इजा काढून टाकणं’ असं काहीसं आहे, जणू काटा काढावा. मराठी शब्द माझ्या मनात वेगळा चालू होता. भरपाई म्हणजे भरून पावणं. जुन्या व्यवहारात येणं पूर्ण पोचल्याची ती लेखी कबुली असे, आणि ती घेणाऱ्याने लिहून द्यायची असे, देणाऱ्याने नाही. खड्डा पाण्याने काठोकाठ भरला तरी ‘भरून पावलो’ हे कोणी तरी म्हणावं लागतं. राज्याला ते म्हणता येत नाही, वास्तुरचनाकाराला नाही, आणि रविवारी येऊन ‘काय सुंदर!’ म्हणणाऱ्या मला तर नाहीच. माझं सौंदर्य वाटणं खरं असतं, पण ती पावती नव्हे, आणि पावती म्हणून ती वापरली जाते. मग मी यावंच का? न येण्याने कोणाचं काही परत येत नाही, हेही खरंच. चाळीस वर्षं तसेच उघडे पडलेले खड्डे अधिक नैतिक ठरले असते असं मला म्हणवत नाही.

बाईंनी माझ्या प्रश्नाचा बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या की त्यांचे वडील त्याच खाणीत यंत्रावर होते. आपलं गाव ज्या यंत्राने गेलं त्यावर पाळी त्यांची नव्हती, पण असती तर ते गेले असते. घर त्याच कोळशाच्या विटांवर ऊबदार राहायचं. “मी कोणाकडून मागू?” नातू याच तळ्यात पोहायला शिकला, तो आम्लाबिम्लाला हसतो, डास नाहीत म्हणून खूश आहे. “आणि पाण्याचा काय दोष?”

मग सायकलवर चढताना त्यांनी विचारलं, तुमच्या त्या गावाचे चौथरे तुम्ही पाहिलेत का. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि निघाल्या. बॅटरी असल्यामुळे त्या माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे गेल्या.

परतताना वारा तोंडावर आला. दूर श्वार्त्से पुम्पेच्या वीजकेंद्राचे पांढरे ढग उभे होते. तिकडे अजून खाणी चालत आहेत. रोझेनडोर्फ कालव्याच्या पुलावर थांबून मी पाटीचा फोटो काढला, आईला पाठवला. तिने विचारलं, हे कुठलं गाव? गाडी सुटायला बारा मिनिटं होती, म्हणून नंतर सांगते असं लिहिलं.