चांदीची वाटी हातात घेऊन

घरात चांदीची एखादी वस्तू असेल तर ती घेऊन बसा. उष्टावणाची वाटी, निरांजन, देवघरातलं फुलपात्र, आईची जोडवी, काहीही चालेल. नसेल तर रिकामा तळहात पुरे. डोळे मिटू नका. हे मनन वस्तूकडे बघत करायचं आहे.

आधी तिचा गारवा जाणवू द्या. चांदी हाताची ऊब लगेच घेते. थोडा वेळ धरून ठेवलीत की वाटी कुठे संपते आणि तळहात कुठे सुरू होतो, हे कळेनासं होतं. तेवढा वेळ द्या.

आता स्वतःला विचारा, ही आली कुठून? सराफाकडून, हे झालं अलीकडचं उत्तर. त्याच्या मागे जा. सोळाव्या-सतराव्या शतकात आपल्याकडे रुपये पाडायला लागणारी चांदी बहुतेक समुद्रावरून येई. आठ रियालांचं स्पॅनिश नाणं, सुमारे 27 ग्रॅम वजनाचं, हातोड्याने ठोकलेलं, कडा वेड्यावाकड्या. कधी तांबड्या समुद्राच्या वाटेने, कधी आफ्रिकेला वळसा घालून ते सुरतेला उतरे आणि तिथल्या टांकसाळीत वितळून त्याचा मुघली रुपया होई. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते गोव्यातही येई. आखातात नोकरी करणारा कोकणातला माणूस ‘रियाल’ म्हणतो तो शब्दही मुळात स्पॅनिश ‘रेआल’, म्हणजे राजाचा. तुमच्या वाटीत त्या नाण्यांतला एखादा कण आहे की नाही, कुणालाच सांगता येणार नाही. चांदी एकदा वितळली की तिचं गाव पुसलं जातं. म्हणून आज आपण मनाने त्या गावाला जाऊ.

गावाचं नाव पोतोसी. आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून 4,000 मीटरहून उंच. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी तिथवर पोहोचत नाही. एक खोल श्वास घ्या. तिथे तो पुरत नाही. अर्धा श्वास घेतल्यावर छाती पुन्हा हवा मागते. समोर तांबूस, उघडाबोडका, शंकूसारखा डोंगर आहे. स्पॅनिश लोक त्याला ‘सेरो रिको’ म्हणतात, श्रीमंत डोंगर. 1545 मध्ये इथली चांदी स्पॅनिशांना कळली आणि 1600 नंतर थोड्याच वर्षांत या ओसाड माळावर दीड लाखाच्या वर माणसं राहत होती.

पहिली पंचवीस वर्षं नजरेसमोर आणा. रात्र आहे. उतारावर मातीच्या छोट्या भट्ट्या पेटल्या आहेत, अंगाला भोकं असलेल्या, वाऱ्यावर चालणाऱ्या. केचुआ भाषेत ‘वायरा’ म्हणजे वारा, आणि भट्टीचं नावही तेच. एका वेळी सहा हजारांवर भट्ट्या जळत असल्याची नोंद आहे. चांदी गाळण्याची विद्या तेव्हा तिथल्या मूळ लोकांच्या हातात होती. स्पॅनिश मालकालाही त्यांच्याकडेच यावं लागे. त्या उजेडाकडे थोडं बघत राहा, कारण तो विझणार आहे.

1570 च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने दोन गोष्टी केल्या. वांकाव्हेलिकाच्या खाणीतला पारा आणून, दळलेल्या धातुकात कालवून चांदी वेगळी काढायची पद्धत सुरू केली. त्यासाठी पाणचक्क्या हव्या होत्या, तळी बांधायला हवी होती, भांडवल हवं होतं. भट्टीवाल्यांचं वर्चस्व तिथेच संपलं. दुसरी गोष्ट कागदावर झाली. सोळा-सतरा प्रांतांनी दर वर्षी आपल्या कर्त्या पुरुषांतला सातवा हिस्सा पोतोसीला धाडायचा. आकडा सुमारे 13,500.

या व्यवस्थेचं नाव ‘मिता’. मला वाटतं, आपण सगळ्यात जास्त वेळ थांबावं ते या शब्दापाशी. तो स्पॅनिशांचा नव्हता, इंकांचा होता. मिता म्हणजे पाळी. इंकांच्या राज्यात प्रत्येक घराने पाळीपाळीने रस्त्याचं, शेताचं, बांधकामाचं काम करायचं, आणि काम करणाऱ्याला अन्न, पेय द्यायची जबाबदारी राज्याची. तेही राज्यच होतं, सक्ती तिथेही होती. पण घेण्याबरोबर देणं बांधलेलं होतं. तोलेदोने लोकांच्या ओळखीचा शब्द उचलला आणि त्यातलं देणं काढून घेतलं. मजुरी कायद्याने ठरलेली होती, पण तेवढ्यात पोतोसीत जगणं होत नसे. मला तलवारीपेक्षा हे जास्त भयंकर वाटतं. तलवारीचा घाव दिसतो. तुमचाच शब्द वापरून तुम्हाला वेठीला धरलं, तर विरोध करायला शब्दही उरत नाही.

वाटी गरम झाली असेल. दुसऱ्या हातात घ्या.

आता एक वाट बघा. 1600 च्या सुमारास टिटिकाका सरोवराकाठच्या चुकुइतो प्रांतातून पोतोसीला निघालेल्यांचं वर्णन एका स्पॅनिश माणसाने लिहून ठेवलं आहे. पाळी पुरुषांची, पण घरंच्या घरं निघाली. सुमारे 7,000 जीव, बायकापोरांसकट. सोबत 30,000 च्या आसपास लामा-अल्पाका, पाठीवर अन्न आणि अंथरूण. जनावरं आणि पाच-सहा वर्षांची पोरं झपझप चालू शकत नाहीत, म्हणून दोन महिने लागत. रात्री थंडीत, जमिनीवर. परतणारे फार थोडे. आपल्याकडे वारीलाही माणसं पोरंबाळं घेऊन निघतात, पण त्यांना बोलावणं मनाचं असतं. इथे नाव वहीत होतं.

मग डोंगराच्या पोटात. जेझुइट पाद्री होसे दे अकोस्ता याने 1590 च्या ग्रंथात ते लिहिलं आहे. गाईच्या चामड्याच्या पिळदार दोरांच्या शिड्या, मध्ये लाकडी पायऱ्या. पाठीवर घोंगडीत बांधलेला सुमारे 23 किलोचा दगड, गाठ छातीवर. तिघं-तिघं मिळून चढत. पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली, कारण दोन्ही हातांनी शिडी धरायची असते. बाकीचं अंधारात.

तुमचा अंगठा बघा. त्याला मेणबत्ती बांधली आहे असं समजा. मेण वितळून नखावर येतंय, वर खूप शिड्या उरल्या आहेत, आणि ज्योत विझली तर मागचे दोघंही चुकणार आहेत. इथे घाई करू नका. एका शिडीपुरता तरी त्याच्याबरोबर चढा.

जे पळून दुसऱ्या गावी परके म्हणून राहिले ते पाळीतून सुटले, आणि मागे राहिलेल्यांवरचं ओझं वाढलं. आकडा भरला नाही की गावचा प्रमुख, म्हणजे कुराका, माणसाऐवजी रोख पैसे भरी. काही खाणमालकांना तेच बरं वाटू लागलं: खाण न चालवता दर आठवड्याला रक्कम. अशा मजुरांना पोतोसीत नाव पडलं ‘इंदिओस दे फाल्त्रिकेरा’, म्हणजे खिशातले ‘इंडियन’, तिथले मूळ लोक. माणूस आलाच नाही, त्याची किंमत आली आणि खिशात गेली. त्या नावाला काही जोडू नका, तसंच मनात राहू द्या.

चांदीतल्या राजाच्या पाचव्या हिश्श्याचे हिशेब वर्षानुवर्षे काटेकोर ठेवले गेले. शिडीवरून पडलेल्यांची, पाऱ्याच्या वाफेने थरथर कापत गेलेल्यांची तशी वही कुणी ठेवली नाही.

स्पेनमधल्या काडिझच्या संसदेने 1812 मध्ये मिता रद्द केली. 1825 मध्ये सिमोन बोलिव्हार त्या डोंगराच्या माथ्यावर चढला आणि स्वातंत्र्याचे झेंडे फडकले. डोंगर मात्र पोकळच राहिला.

वाटी आता खाली ठेवलीत तरी चालेल. हाताला तिची ऊब थोडा वेळ राहील. पुढच्या वेळी उष्टावणाला तिच्यात खीर वाढाल तेव्हा क्षणभर त्या मेणबत्तीवाल्याची आठवण काढा. सेरो रिकोत आजही माणसं उतरतात, गालात कोकाची पानं धरून, सहकारी संस्थांच्या नावावर. डोंगराचा माथा खचू लागला म्हणून 2014 मध्ये युनेस्कोने पोतोसीचं नाव धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातलं.