मनाचा उंबरठा

गटार तुंबले की आपण नगरपालिकेच्या नावाने ओरडतो. मन तुंबले की दैवाच्या नावाने उसासा टाकतो आणि दार लावून घेतो. डासांचा बंदोबस्त, पाण्याची शुद्धता, मुलांच्या लशी ही चारचौघांची कामे. धास्ती, उदासी आणि दारू मात्र ज्याच्या त्याच्या घरची, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ती न्यायाची आहे काय?

सरकारने निदान कागदावर तरी ती केव्हाच मोडली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी शिकवून तयार केले, तेव्हा मनाचे पुष्कळसे आजार तालुक्यातच सांभाळता येतात असे दिसले. त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या कायद्याने तर सरकारी व्यवस्थेकडून असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्कच ठरवला.

यावर कोणी म्हणेल, “माझ्या मनाशी सरकारला काय करायचे आहे?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत पुण्यात गोरे सोजीर रोगी शोधण्यासाठी घराघरांत शिरले. रोग खरा होता, तो थांबवणेही जरूर होते. पण लोकांच्या मनात राहिला तो अपमान. घराची झडती घेणारे आरोग्यखाते उद्या मनाचीही झडती घेऊ लागले तर? ही भीती मला खरी वाटते.

पण झडती घेणे निराळे आणि हाकेच्या अंतरावर असणे निराळे. गोव्यात आरोग्य केंद्रांवर वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्यांना मदत केली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेले रुग्ण, ती न मिळालेल्यांपेक्षा अधिक संख्येने बरे झाले होते. ताप आणि अंगदुखी घेऊन माणूस जिथे जातो, तिथेच मनाचीही विचारपूस झाली, एवढेच. त्या केंद्राच्या बाकावर बसलेल्याला कोणी वेडा म्हणत नाही, कारण शेजारी खोकलेवालाही बसलेला असतो.

खरी अडचण पुढेच आहे. जी जवळीक मदतीची, तीच संकोचाची. गावची आशाताई आपल्याच आळीतली. तिच्या सासूची आणि आपल्या आईची पाणवठ्यावर गाठ पडते. तिच्यापाशी बोललेले कुठवर जाईल? म्हणून २०२२ पासून चालू असलेली टेली-मानसची फोनसेवा, क्रमांक १४४१६, अनेकांना सोयीची वाटते. परक्यापाशी मन मोकळे करणे सोपे जाते. मात्र तो परका दुसऱ्या दिवशी दारात येऊन “आज जेवलास का?” असे विचारू शकत नाही. ते आशाताईच करू शकते.

तेव्हा माझ्या मते आरोग्यखात्याची कसोटी गोळ्यांच्या साठ्यात नाही, ती तोंड मिटून ठेवण्यात आहे. कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे. पण तो पाळला जातो की नाही, हे एकेका गावात, एकेका माणसाच्या जिभेवर ठरते. आणखी एक गोष्ट खात्याने विसरू नये. गोळीने कर्ज फिटत नाही आणि समुपदेशनाने पाऊस पडत नाही. दुःखाचे कारण बाहेर असेल, तर ते बाहेरच निस्तरले पाहिजे. सगळा भार रोग्याच्या मनावर टाकणे ही सोयीची लबाडी होईल.

आणि आपण? दिवाळीत फराळाची ताटे घरोघर जातात. त्यांतले एखादे ताट, बरेच दिवस ज्याचे दार उघडलेले दिसले नाही त्याच्याकडे आपणहून न्यावे, घटकाभर बसावे, आणि तो बोललाच तर ते तिथेच ठेवून परतावे. खात्याने जे शिकायचे आहे, ते शेजाऱ्यालाही शिकावेच लागेल.